पन्नास किलोंचे आमचे साडू

अनोळखी माणसाला चुकीचा रस्ता सांगणारे लोक गल्लोगल्ली भेटतात. पण ज्याला रस्ता पक्का ठाऊक आहे अशा माणसालाही दोन मिनिटांत स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला लावेल, असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांच्याशी बोलायला बसलं की आधी वाटतं, यांचा काहीतरी गोंधळ होतोय. चहा येईपर्यंत वाटू लागतं की गोंधळ आपलाच होतोय. आणि चहा संपेपर्यंत तो कुणाचा होता हा प्रश्नच उरत नाही. दोघंही समाधानानं उठतो. आमच्या शहराचं नाव बदललं तेव्हा भल्याभल्यांच्या जिभा अडखळल्या, कुणी जुनं म्हणायचं, कुणी नवं, कुणी घाईत दोन्ही. साडूंना काही फरक पडला नाही. ते जुन्या नावाच्या शहरात रस्ता चुकत होते, ते नव्या नावाच्या शहरातही चुकू लागले.

एकदा जालना रोडवर पुण्याकडच्या एका कुटुंबानं गाडी थांबवून त्यांना वेरूळचा रस्ता विचारला. साडूंनी हातवारे करून तो समजावला. त्या लोकांना काही उमगेना, म्हणून मग ते स्वतःच गाडीत बसले आणि म्हणाले, "चला सरळ." वेरूळ एका टोकाला आणि पाचोड बरोबर त्याच्या उलट टोकाला, तरी काही वेळानं ती गाडी पाचोडच्या आठवडी बाजारात, मिरच्यांच्या ढिगाऱ्यांमध्ये उभी होती. पाचोड हे साडूंचं गाव. मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "रस्ता वळखीचा वाटला ना, म्हणून म्हणलं बराबरच असंल." त्या कुटुंबाला त्यांनी चुलतभावाच्या घरी नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली, गाडीत वांगी भरून दिली. ते लोक अजूनही दिवाळीला साडूंना आठवणीनं फोन करतात. वेरूळ मात्र त्यांनी पाहिलं की नाही, हे विचारायचं माझं धाडस झालेलं नाही.

एका सरकारी कार्यालयात ते आवक-जावक सांभाळायचे. आलेलं पत्र आवकमध्ये चढवायचं, जाणारं जावकमध्ये, एवढंच काम. पण साडूंना शंका अशी, की आपल्याकडून जे जातं ते कुणाकडं तरी येतंच, मग त्याला जावक का म्हणायचं? या विचारात असताना त्यांनी एका अर्जदाराला त्याचाच अर्ज टपालानं परत पाठवला आणि वर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शिक्काही मारला. त्या माणसानं म्हणे कार्यवाही केली आणि तसं कळवलंसुद्धा. साहेब साडूंवर ओरडायचे, पण फार वेळ नाही. मध्येच त्यांना स्वतःलाच आठवेनासं व्हायचं की आपण कशावरून ओरडायला लागलो होतो.

या गोंधळाच्या मुळाशी एकच गोष्ट होती. आपल्यामुळं दुसऱ्याला तसदी पडू नये, ही साडूंची आयुष्यभराची धडपड. माझ्या स्कूटरवर मागं बसले की वळणावर मला मदत व्हावी म्हणून ते उलट्या बाजूला झुकायचे, आणि आम्ही कुणाच्या तरी फाटकात शिरायचो. एकदा त्यांना तापानं इतकं ग्रासलं की दवाखान्यात न्यायला स्ट्रेचर मागवावं लागलं. दोन माणसं त्यांना जिन्यावरून खाली आणू लागली. अर्ध्या जिन्यात साडू उठून बसले. "थांबा, जिना लई अरुंद हाय, तुमचे हात खरचटतील," असं म्हणून स्ट्रेचरवरून उतरले, कठडा धरत धरत जिना उतरले आणि खाली रिकाम्या स्ट्रेचरवर परत जाऊन आडवे झाले. नेणारी माणसं इतकी चक्रावली की त्यांनी साडूंचे आभार मानले.

अंगानं ते कायमच काटकुळे. आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, तूप, खजूर, उडदाचे लाडू, सगळं करून थकली. पण लग्नात पन्नास किलो होते ते तसेच राहिले. "मी खाऊ घालते ते जातं कुठं?" असं ती विचारायची, आणि साडू गंभीरपणे स्वतःच्या पोटाकडं बघायचे. ते पन्नास किलो एक दिवस कुणाच्या तरी उपयोगी पडतील असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी कोमल. ती आक्काच्या अंगलटीवर गेली, उंच, रुंद खांद्यांची, आणि बोलणं मोजकं. गारखेड्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी फर्निचरचं एक दुकान आहे. कोमल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला आग लागली. सगळी गल्ली बादल्या घेऊन धावली. साडूही धावले, पण त्यांनी आपली बादली जळत्या दुकानावर न ओतता समोरच्या चांगल्या, थंडगार घरावर ओतली. मग दुसरी ओतली. लोक ओरडायला लागले, "काका, तिकडं नाही, इकडं!" साडू म्हणाले, "तिकडं लागलीच हाय, इकडं लागू नाय म्हणून." तेवढ्यात अग्निशमनची गाडी आली आणि तिच्यावरच्या साहेबांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर नळीचं तोंड त्या समोरच्या घराकडं वळवून त्याची भिंत भिजवली. ओरडणाऱ्यांनीही आपल्या बादल्या तिकडं वळवल्या. साडू स्वतःच सगळ्यात जास्त गोंधळले. आपलं बरोबर कसं आलं, हे ते मला पुढं कित्येक दिवस विचारत होते. कोमलचं लक्ष मात्र दुसरीकडं होतं. गाडीवरून उतरलेल्या माणसांत एक बाई होती. हेल्मेट घातलेली, गुडघ्यापर्यंत बूट, खांद्यावर नळीचं वेटोळं. आग विझली, लोक पांगले, तरी कोमल त्या बाईकडं बघत उभी होती.

घरी येऊन ती म्हणाली, "मला हे करायचंय."

आक्कानं भाकरी तव्यावरच सोडली. "काय करायचंय? शिड्या चढून लोकांच्या घरात शिरायचंय? आगीत? तुझं नाव काय ठेवलंय ते तरी बघ!" मग ती साडूंकडं वळली. "तुम्ही सांगा हिला. चालंल का हे?" साडू त्या वेळी कोमलनं विचारलेल्या 'पप्पा, वरण वाढू का' या प्रश्नाला मान डोलावत होते. ती मान होकार म्हणून धरली गेली. साडू एकदा दिलेला शब्द मागं घेत नाहीत, मग तो कशाबद्दल दिला होता हे माहीत नसलं तरी.

अशी कोमलची तयारी सुरू झाली. अग्निशमन दलाच्या भरतीत लेखी परीक्षेपेक्षा मैदानावरची चाचणी जास्त माणसं गाळते. धावायचं, दोर चढायचा, शिडी चढायची, उंचावरून खाली ताणलेल्या जाळीत उडी मारायची, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे डमी. डमी हा माणसाएवढा, वाळू भरलेला कापडी पुतळा, पन्नास किलो वजनाचा. धुरात बेशुद्ध पडलेल्या माणसाला उचलून आणावं तसं त्याला खांद्यावर आडवं टाकायचं आणि ठरलेल्या वेळेत पलीकडच्या रेषेपर्यंत पळायचं. गारखेड्याच्या मैदानावर पहाटे भरतीची पोरं-पोरी जमतात. त्यांना शिकवायला एक निवृत्त फायरमन येत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. घरात उर्दू, बाजारात मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम, अशी त्यांची भाषा. त्यांच्याकडं सगळं होतं, डमी तेवढी नव्हती. पहिल्याच दिवशी कोमलला सोडायला आलेल्या साडूंना त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काका, वजन कितना होगा आपका?"

"पन्नास."

"पक्का?"

"लग्नापासून."

उस्तादांनी आकाशाकडं बघून शुक्रिया म्हटलं. "हौ, ये तो नाप का आदमी मिल गया! उठा गं पोरी तुझ्या बापाला."

त्या दिवसापासून साडू रोज पहाटे मैदानावर जाऊ लागले. मीही सकाळच्या फेरफटक्याच्या निमित्तानं जायचो, कारण तसं दृश्य दुसरीकडं बघायला मिळणार नव्हतं. कोमल वाकायची, साडूंचा एक हात आणि एक पाय धरायची आणि त्यांना खांद्यांवर आडवं घेऊन धावत सुटायची. साडूंचं डोकं एका बाजूला लोंबायचं, आणि त्या उलट्या डोक्यानं ते येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करायचे. "काय साडूभाऊ, झाला का चहा?" असं ते मला खालून वर बघत विचारायचे आणि मी उत्तर देईपर्यंत पुढं गेलेले असायचे. वरून कोमलला "डावीकडं घे, डावीकडं" अशा सूचना चालायच्या. तिला लहानपणापासून ठाऊक होतं की त्याचा अर्थ उजवीकडं. हळूहळू बाकीच्या पोरांनाही डमी हवी झाली. साडू नाही म्हणणाऱ्यातले नव्हते. एकानं खाली ठेवलं की दुसरा उचलायचा. घरी जाताना ते जमिनीवर पाय ठेवायचे तेव्हा त्यांनाच ते नवीन वाटायचं. कोमल मात्र सगळ्यांत चपळ निघाली. ती त्यांना घेऊन अशी पळायची की उस्ताद म्हणायचे, "इस लडकी को कोई नहीं रोक सकता."

भरती निघाली ती दुसऱ्या एका शहरात. आम्ही तिघं आदल्या दिवशी गेलो. मैदानाला जाळीचं कुंपण होतं, बाहेर पालकांची गर्दी. कोमल धावण्यात पुढं, दोरावर माकडासारखी सरसर, उडी मारताना डोळे उघडे. मग डमीची पाळी आली. शिट्टी वाजली. ती वाकली, डमीला खांद्यावर घेतलं, उठली. आणि पहिल्याच काही पावलांत डमी घसरायला लागली. डोक्याकडची बाजू खाली, पाय वर, सगळी वाळू एकीकडं गेलेली. कोमलनं ती सावरली, तर ती दुसरीकडून ओघळली. तेवढ्यात माझ्या शेजारून साडूंचा आवाज आला. जाळीला दोन्ही हात लावून ते जिवाच्या आकांतानं ओरडत होते, पण कोमलवर नाही.

"अरे धर की तिला! बघतो काय, गळ्याला धर ना तिच्या!"

ते डमीवर ओरडत होते. आजूबाजूचे लोक हसले. मलाही हसू फुटलं आणि ते तसंच ओठांवर राहिलं, कारण तेवढ्यात कोमल डमीसकट खाली बसली होती. तिनं पुन्हा उचललं. पुन्हा काही पावलं. मग शिट्टी.

वेळ संपली होती. आम्ही परतीची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी मैदानावर उस्तादांनी साडूंना समोर बसवलं. "काका, सच बोलो. वर असताना तुम्ही काय करत होते?"

"काय नाय करत. धरून बसायचो फक्त."

"कहाँ पकडते थे?"

"कधी गळा, कधी पट्टा. ती वळली की मी जरा इकडं सरकायचो. तिला तरास नको म्हणून. अन् श्वास धरून ठेवायचो." साडूंनी आवाज खाली आणला. "श्वास धरला की वजन कमी भरतं."

उस्तादांनी कपाळाला हात लावला. कोमल इतकंच म्हणाली, "पप्पा, म्हणजे इतके दिवस मी तुम्हाला उचलत नव्हते. तुम्हीच मला उचलत होतात." आणि सायकल घेऊन निघून गेली.

त्यानंतर घरात तिचं त्यांच्याशी बोलणं थांबलं. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं गप्प. साडू संध्याकाळी माझ्याकडं यायचे आणि एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारायचे. "साडूभाऊ, मी मदतच केली ना?" मी म्हणायचो, "केली." "मग ती पडली कशी?" "मदत केली म्हणून." ते विचारात पडायचे. "म्हंजी मदत केली नसती तर मदत झाली असती." "हो." "मग मी मदत नाय करायची, ही मदत." इथपर्यंत आलं की माझंही डोकं गरगरायचं. इकडं आक्कानं एका स्थळाची चौकशी सुरू केली होती. मुलगा चांगला होता. आक्का म्हणाली, "आणखी एक भरती. त्यात नाही झालं, तर मी म्हणते तसं." कोमल हो म्हणाली. खरंच म्हणाली, तिनं मान डोलावली नाही, तोंडानं म्हणाली.

ती आता पप्पांना उचलायला तयार नव्हती. तेव्हा साडूंनी घरातल्या जुन्या वाकळीची एक आकृती शिवली, तिच्यात वाळू भरली, आणि नुसती वाकळ वाईट दिसते म्हणून तिला आपली पॅन्ट आणि चौकड्याचा शर्ट घातला. आम्ही दोघं ती रिक्षातून मैदानावर न्यायला निघालो. आकृती मधे, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. रिक्षावाला पोरगेलासा होता. त्यानं आरशातून दोनदा पाहिलं.

"चाचा, इनको क्या हुआ?"

"काय नाय," साडू म्हणाले, "यांना ग्राउंडवर टाकायचंय."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. गाडी अशी पळवली की मैदान कधी मागं पडलं हे आम्हाला कळलंच नाही. थांबली ती दवाखान्याच्या दारात. "जल्दी करो, साँस नहीं ले रहे!" असं ओरडत त्यानं आतून माणसं बोलावली. त्यांनी आकृती स्ट्रेचरवर घेतली. मी समजावायला तोंड उघडलं, पण साडू त्या गडबडीत इतके हरवले होते की स्ट्रेचरच्या बाजूनं चालत "सांभाळून, सांभाळून" म्हणू लागले. दाराशी शिवण उसवली आणि पाहुण्यांच्या पोटातून वाळूची धार लागली. तिथल्या नर्सबाईंनी आम्हाला जे ऐकवलं ते सगळं रास्त होतं. रिक्षावाल्यानं भाडं घेतलं नाही. तो आमच्याकडं बघायलाही तयार नव्हता.

त्या संध्याकाळी साडू कोमलच्या समोर जाऊन उभे राहिले. "मलाच उचल," म्हणाले. "आता मी काय बी धरणार नाय. खरा बेशुद्ध होईन."

बोलणं सोपं होतं. साडूंना शुद्ध सोडता येईना. उस्ताद त्यांचा हात वर उचलायचे आणि सोडून द्यायचे. हात खाली पडायचाच नाही, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा तसाच वर राहायचा. "छोडो काका!" "सोडलाय की!" असं चालायचं. खांद्यावर घेतलं की ते अंग सैल करायचे, पण कोमलचा पाय जरा अडखळला की त्यांची बोटं आपसूक तिच्या पट्ट्यात जायची. मला ते गंभीरपणे विचारायचे, "बेशुद्ध माणसाला लाज वाटते का हो? शर्ट वर गेला तर त्यानं वढायचा का नाय?" मला काय ठाऊक? मी घरी जाऊन स्वतः जमिनीवर पडून बघितलं. मलाही जमलं नाही. बायकोनं विचारलं, काय करताय? मी म्हणालो, काही नाही करत. ती म्हणाली, ते दिसतंय.

शेवटी एका सकाळी कोमलनं त्यांना मैदानाच्या मधोमध खाली ठेवलं आणि पुष्कळ दिवसांनी नीट त्यांच्याकडं बघून विचारलं, "पप्पा, तुम्हाला कशाची भीती वाटती? स्वतः पडायची?"

"नाय."

"मग?"

"माझ्यासंगं तू पडशील."

"पडू द्या ना," ती म्हणाली. "मी पडले तर पडू द्या. एकदा तरी."

तिनं त्यांना पुन्हा उचललं. या खेपेस साडूंनी डोळे मिटले आणि दोन्ही हात सोडून दिले. वळणावर तोल गेला आणि बापलेक धाडकन धुळीत आपटले. आम्ही धावलो. साडूंचं कोपर सोललं होतं, कोमलचा गुडघा. दोघं एकमेकांकडं बघत होते, आणि मग कोमल हसायला लागली. साडूंना आधी समजेना की हसावं की माफी मागावी. त्यांनी दोन्ही करून टाकलं.

त्यानंतर जमायला लागलं. हळूहळू साडूंचा हात पडायला शिकला, मान लोंबायला शिकली, आणि कोमल खऱ्याखुऱ्या पन्नास किलोंखाली दमायला लागली, घामानं भिजायला लागली, आणि रोज जरा जास्त लांब जाऊ लागली. एके दिवशी तिनं त्यांना ठरल्या रेषेपलीकडं नेलं आणि गवतावर अलगद ठेवलं. साडू तसेच पडून राहिले. तोंड किंचित उघडं, एक पाय वाकडा. "उठा पप्पा, झालं," ती पाणी पिता पिता म्हणाली. त्यांनी काही केलं नाही. तिनं वळून पाहिलं. हातातली बाटली पडली. "पप्पा? पप्पा!" तिनं गाल थोपटले, छातीला कान लावला. उस्ताद 'या अल्ला' म्हणत धावत आले. तेवढ्यात साडूंनी एक डोळा उघडला.

"उठू का?" ते हळूच म्हणाले. "उठ म्हणून कुणी हात लावून सांगितलंच नाय. म्हणलं, बेशुद्ध माणसाला ऐकू येतं का नाय, कोण जाणे."

कोमलनं त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं आणि तिथंच डोकं टेकून रडली. साडू एका हातानं तिचे केस थोपटत होते आणि दुसरा हात, सराव चालूच आहे असं समजून, तसाच सैल टाकलेला होता.

पुढची भरती लांबच्या एका मोठ्या शहरात होती. या वेळी आक्काही आली. तिनं देवीला काय मागितलं होतं ते तिनं सांगितलं नाही, आणि मला वाटतं तिचं तिलाही नक्की ठरवता आलं नव्हतं. धावणं झालं, दोर झाला, उडी झाली. कोमलचा क्रमांक डमीसाठी पुकारला गेला आणि मी जाळीला डोळे लावले. तेवढ्यात मागं गलका झाला. वळून बघतो तर आमचे साडू कुंपणालगतच्या दगडावरून घरंगळून खाली आडवे पडलेले, डोळे मिटलेले, हात दोन्हीकडं पसरलेले. लोक जमले. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा मागवला, एकानं पायातली चप्पल काढून नाकाशी नेली. आक्का किंचाळली. मी गर्दीतून घुसलो, त्यांचा हात वर उचलला आणि सोडला. तो पडला. मी घाबरून त्यांना गदागदा हलवलं. साडूंनी डोळे न उघडता, ओठ न हलवता पुटपुटलं, "साडूभाऊ, गप. ती उचलती हाय."

मी लोकांना समजावू लागलो की यांना काही झालेलं नाही, हे आपल्या मुलीला मदत करतायत. "कुठं आहे मुलगी?" "आत." "मग हे इथं पडून कशी मदत करतायत?" याचं उत्तर मी देत होतो, निदान देण्याच्या प्रयत्नात होतो, तेव्हा आत शिट्टी वाजली. आम्ही तिघं जाळीकडं धावलो. डमी पलीकडच्या रेषेबाहेर पडलेली होती आणि कोमल कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होती. तिनं ती कशी उचलली, कशी पळाली, एवढ्या सगळ्या सकाळी ज्यासाठी गेल्या ते आमच्यापैकी कुणीही पाहिलं नाही. आक्कानं चारचारदा विचारलं, "म्हणजे झालं का? म्हणजे ती पास का?" आणि शेजारच्या एका अनोळखी बाईनं तिचा हात धरून सांगितलं, "अहो, तुमची पोरगी वाऱ्यासारखी गेली."

कोमल आता त्याच लांबच्या शहरात नोकरीला आहे. स्थळाचं नाव आक्का काढत नाही. उलट शेजारणींना मुलीचा हेल्मेटातला फोटो दाखवते आणि 'आगीत जाऊ नको' म्हणून रोज फोनवर बजावते. कोमल "बरं" म्हणते. तिला सुट्टी क्वचित मिळते. साडू निवृत्त झाले आहेत, आणि घर फार शांत झालंय असं आक्का म्हणते.

परवा त्यांना मागं बसवून मी स्कूटरवरून जालना रोडनं चाललो होतो. मागून सायरन वाजला. साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरले, शर्ट सारखा केला आणि रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहिले. लाल गाडी आमच्या समोरून धडधडत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत साडूंनी हात वर धरला होता.

माझ्या मनात आलं, नेहमीसारखा यांचा गोंधळ झालाय. मी जपून म्हणालो, "दादा, कोमल त्या गाडीत नाही. ती इथं नाहीच ना आता."

"ठावं हाय की," साडू म्हणाले. गाडी गेली त्या दिशेला ते अजून बघत होते. "पण कुणाची तरी असंलच ना आत."